एक पडदा, दोन मोटारी : ‘रॅली स्पीडवे’मधील दंडाचा नियम

रॅली ही मूलतः घड्याळाशी केलेली शर्यत होय. मोटारी ठराविक अंतराने सुटतात. प्रतिस्पर्धी सहसा दृष्टीस पडत नाही. घरगुती संगणकावर मात्र खेळाडू दोन आणि पडदा एकच. अटारीच्या ८ बिट संगणकांसाठी जॉन अँडरसन यांनी रचलेल्या ‘रॅली स्पीडवे’ (१९८३) या खेळात या अडचणीतूनच नियम निर्माण झाला.

या संगणकांतील ‘अँटिक’ ही चिप पडद्यावरील दृश्य सूक्ष्म टप्प्यांनी सरकवू शके. त्यामुळे वरून दिसणारा रस्ता मोटारींखालून अखंड वाहता ठेवता येई. पुढच्याच वर्षी ‘पिटस्टॉप २’ने पडदा दुभागला. ‘रॅली स्पीडवे’ने तसे केले नाही. एक मोटार फार पुढे गेली, की खेळ थांबे, दोन्ही मोटारी पुन्हा एकत्र आणल्या जात आणि मागे पडलेल्याच्या वेळेत दंड मिळविला जाई. अंतराचे असे वेळेत रूपांतर झाले आणि, बहुधा नकळत, खेळ रॅलीच्या मूळ तत्त्वाकडे परतला.

ओला वा बर्फाळ रस्ता निवडता येई. त्याहून मोलाची सोय स्वतःचा मार्ग रचून साठविण्याची. खेळ कार्ट्रिजच्या रॉममध्ये टिकला. खेळाडूंनी रचलेले मार्ग मात्र चुंबकीय माध्यमावर होते, आणि ते माध्यम कालौघात क्षीण होत जाते.