सडा ओसाड नाही

रत्नागिरी-राजापूरकडच्या जांभ्याच्या सड्यांची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांची, सातबाऱ्यावर सहसा एकाच शब्दात बोळवण होते : पोटखराबा. म्हणजे लागवडीस अयोग्य. २००० साली निघालेल्या देशाच्या ‘वेस्टलँड ॲटलास’मध्येही उघडा खडक पडीक जमिनीतच मोडतो. पिकाच्या हिशेबातली ही नोंद पुढे निसर्गाचे वर्णन होऊन बसली.

अशी शब्दचित्रे आपला निर्णय वळवतात. पॉल थिबोडो आणि लेरा बोरोडित्स्की यांनी २०११ मध्ये एका शहरातल्या गुन्हेगारीचे तेच आकडे काहींना ‘हिंस्र पशू’ म्हणून सांगितले, काहींना ‘विषाणू’ म्हणून. पहिल्यांचा कल पोलीस आणि तुरुंगाकडे जास्त गेला, दुसऱ्यांचा सामाजिक सुधारणांकडे. आपले मत आकड्यांवरूनच बनले, असे बहुतेकांना वाटत होते. योग्य चित्र उपयोगीही पडते. ओझोनच्या थराला खरे भोक पडलेले नव्हते, तो अंटार्क्टिकावर विरळ झाला होता. पण ‘छिद्र’ म्हटल्यावर ते बुजवायला हवे, हे सामान्य माणसालाही कळले. १९८५ मध्ये शोध जाहीर झाला आणि १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला.

‘पडीक’ या चित्राने मात्र सड्याचे नुकसानच केले. लाखो वर्षांच्या पावसाने मूळ खडकातली सिलिका धुऊन नेली. लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे उरली, तोच जांभा. त्याच्या छिद्रांतून आणि भेगांतून मुरलेले पाणी खालच्या वाडीतल्या झऱ्यांना, विहिरींना मिळते. वरच्या पातळ मातीत पोषणद्रव्ये कमी, म्हणून सीतेची आसवे ही इवली वनस्पती सूक्ष्म जीव पकडून जगते. पावसाच्या सुरुवातीला पांढरी फुलणारी दीपकाडी तर कोकणापलीकडे क्वचितच आढळते. याच कातळावर बारसू, उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पे कोरलेली आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली.

तरीही चिरेखाण काढताना किंवा सुरुंगाने खड्डे फोडून आंबा लावताना ‘तिथे होते काय?’ असे सहज विचारले जाते. ज्याला आधीच खराब ठरवले, त्याचे काय गमावले हे कोणी मोजत नाही.

सातबाऱ्यावरचा शेरा बदलणे आपल्या हातात नाही. पण २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावाची जैवविविधता नोंदवही असते. यंदाच्या पावसात आपल्या सड्यावरची फुले, पाणवठे आणि झरे तिच्यात नोंदवा, आणि ग्रामसभेत ती नोंद वाचून घ्या.