वार्धक्याचा विमा : लेखांक सहावा – भेटीपूर्वीचा कागद

अमेरिकेतील मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याची घडण आणि त्याच्या आश्रयाने खाजगी कंपन्यांनी उभारलेल्या ‘मेडिकेअर ॲडव्हांटेज’ योजनांचे स्वरूप आपण मागील लेखांकांत पाहिले. त्या योजना विकणारा एजंट आणि पासष्टी ओलांडलेले गिऱ्हाईक यांची गाठ पडण्यापूर्वी जो एक पानाचा कागद भरला जातो, त्याचा विचार आज करावयाचा आहे. त्या कागदास तेथे ‘स्कोप ऑफ अपॉइंटमेंट’ म्हणतात. येणाऱ्या माणसाने आपल्याशी कोणत्या विषयावर बोलावे, याची मर्यादा गिऱ्हाइकाने स्वतः लेखी आखून द्यावयाची, एवढेच त्याचे प्रयोजन आहे. पण तेवढ्यासाठी कायदा करावा लागला, त्यामागे वृद्धांनी सोसलेल्या हालांचा इतिहास आहे.

२००३ च्या कायद्याने खाजगी योजनांस उत्तेजन मिळाले आणि २००६ च्या जानेवारीपासून औषधांचा विमाही सुरू झाला, तेव्हा विक्रेत्यांची मोठी फौज दारोदार हिंडू लागली. औषधांच्या विम्याची माहिती देतो असे सांगून दिवाणखान्यात बसलेला इसम निघून जाई, आणि पुढे कित्येक आठवड्यांनी, डॉक्टरच्या दवाखान्यात कार्ड पुढे केल्यावर, त्या वृद्धेला कळे की आपण मूळची मेडिकेअर सोडून भलत्याच योजनेत दाखल झालो आहोत आणि ती योजना आपल्या नेहमीच्या डॉक्टरांस मान्य नाही. अशा तक्रारी इतक्या वाढल्या की २००७ च्या जूनमध्ये सात कंपन्यांनी एका विशिष्ट प्रकारच्या योजनांची विक्री-जाहिरात तात्पुरती तहकूब करण्याचे मान्य केले. पुढील वर्षी, १५ जुलै २००८ रोजी, अध्यक्ष बुश यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने जो कायदा संमत केला, त्याने बोलावल्यावाचून दारी जाणे बंद केले, आरोग्यविम्याच्या बैठकीत आयुर्विमा किंवा ॲन्युइटी पुढे करण्यास मनाई केली आणि भेटीचा विषय आगाऊ लेखी ठरविण्याचे बंधन घातले.

कागदाचा मजकूर अगदी साधा असतो. बहुतेक नमुन्यांत औषधविमा, ॲडव्हांटेज योजना, मूळ मेडिकेअरला जोड देणारा ‘मेडिगॅप’, दात-डोळे-कान यांचा विमा अशा नोंदी एकाखाली एक छापलेल्या असतात आणि ज्या विषयावर बोलणे हवे त्याच्यापुढे गिऱ्हाइकाने आपली आद्याक्षरे लिहावयाची असतात. खाली स्वच्छ शब्दांत नमूद केलेले असते की या सहीने कोणतीही योजना घेण्याचे बंधन येत नाही आणि चालू विम्यास बाधाही पोहोचत नाही. एजंटाच्या भागात त्याचे नाव, पहिला संपर्क कसा झाला, कोणत्या कंपन्यांच्या योजना तो दाखविणार आणि भेट कोणत्या तारखेस झाली, हे भरावयाचे असते. आणि कागद आगाऊ न होता भेटीच्या वेळीच झाला असेल, तर त्याचे कारणही लिहून द्यावे लागते. ही शेवटची ओळ मला फार मोलाची वाटते, कारण दिरंगाईचा जाब तेथे एजंटाला स्वतःच्या सहीनिशी द्यावा लागतो.

पूर्वी हा कागद उंबऱ्यावर उभ्या-उभ्या भरून घेण्याचा प्रघात होता. त्यास आळा घालण्यासाठी २०२४ या योजनावर्षाच्या विक्रीपासून सही आणि भेट यांच्यात ४८ तासांचे अंतर सक्तीचे करण्यात आले. नोंदणीच्या मुदतीचे अखेरचे चार दिवस आणि आपण होऊन कचेरीत आलेले गिऱ्हाईक, एवढे अपवाद त्यात ठेवले. या अंतरामुळे दूरच्या खेड्यातील वृद्धांस दोनदा खेपा पडतात, ही एजंटांची तक्रार खोटी नाही. तरीही त्या दोन दिवसांत आपल्या औषधांची यादी काढून ठेवण्यास, डॉक्टरांच्या कचेरीत विचारणा करण्यास आणि नको वाटल्यास भेट रद्द करण्यास जो अवकाश मिळतो, त्यापुढे मला ती खेप हलकी वाटते. घाईत घेतलेली संमती ही संमती म्हणण्याच्या योग्यतेची नसते.

मला खरी हरकत घ्यावीशी वाटते ती दुसऱ्याच एका रीतीला. “सगळ्यांपुढेच अक्षरे घाला, म्हणजे पुन्हा त्रास नको,” असे सांगून सर्व नोंदी भरून घेणारे एजंट आहेत. असा कागद कायद्याच्या नजरेने निर्दोष दिसतो आणि तरी त्याचा सारा प्राण निघून गेलेला असतो, कारण ज्या मर्यादेसाठी तो निर्माण झाला ती मर्यादाच त्यात उरत नाही. बोलता बोलता गिऱ्हाइकाने न ठरलेला विषय काढला तर नवा कागद करावयाचा, हा नियम आहे. आणि जो एजंट बोलणे थांबवून तो नवा कागद पुढे ठेवतो, त्याच्यावर मी विश्वास ठेवीन.

न्यू जर्सीसारख्या राज्यांत मुलांकडे येऊन स्थायिक झालेल्या मराठी आईवडिलांना हा प्रसंग लवकरच येतो. ग्रीन कार्ड आणि सलग पाच वर्षांचे वास्तव्य झाल्यावर पासष्टीनंतर त्यांना हप्ता भरून मेडिकेअर घेता येते, आणि मग एजंटाशी सारे बोलणे मुलगा किंवा सून करते. बोलणे त्यांनी अवश्य करावे. सही मात्र आईची असेल तर आईनेच केली पाहिजे. मुलाजवळ रीतसर मुखत्यारपत्र असेल, किंवा न्यायालयाने त्यास पालक नेमले असेल, तरच तो प्रतिनिधीच्या रकान्यात आपले नाव व नाते लिहून सही करू शकतो. “आईला इंग्रजी कळत नाही” ही सबब पुरत नाही, कारण विनामूल्य दुभाषी देण्याची जबाबदारी योजनेच्या कंपनीवर आहे आणि तो मागून घेण्यात कमीपणा नाही.

कागद हाताने भरावा, संगणकावर सही करावी, किंवा फोनवरील ध्वनिमुद्रित होकार द्यावा, तिन्ही मार्ग चालतात. तो दफ्तरी दहा वर्षे जपून ठेवावा लागतो. म्हणून त्याची प्रत आपणही मागून घ्यावी. कागदावाचून कोणी घरी आले, किंवा ठरल्या विषयाबाहेर रेटू लागले, तर बैठक तेथेच थांबवून मेडिकेअरच्या दूरध्वनीवर तक्रार नोंदवावी. प्रत्येक राज्यात ‘शिप’ या नावाने ओळखली जाणारी विनामूल्य सल्ल्याची सरकारी सोय आहे आणि तेथील सल्लागारांना कोणतीही योजना विकावयाची नसते, तेव्हा एजंटाला वेळ देण्यापूर्वी त्यांच्याशी एकदा बोलून घ्यावे. १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या वार्षिक नोंदणीच्या दिवसांत त्यांच्याकडे गर्दी फार होते, यासाठी सप्टेंबरातच वेळ मागून ठेवणे बरे.