संकटातील यजमान

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलवर दहशतवादी हल्ला झाला. सरव्यवस्थापक करमबीर सिंग कांग यांची पत्नी व दोन मुले सहाव्या मजल्यावर आगीत मृत्युमुखी पडली. तरीही पाहुण्यांच्या सुटकेचे काम त्यांनी सोडले नाही. स्वयंपाकघरातील कर्मचाऱ्यांनी पाहुण्यांना मागच्या वाटांनी बाहेर काढले. त्यांतील काहींनी प्राण गमावले. असे धैर्य ऐन वेळी हुकूम देऊन मिळत नसते. त्यामागे मालक आणि नोकर यांच्यातील अनेक वर्षांचा विश्वास असतो.

व्यापारी घराण्यांनी विशेष पाहावा तो मात्र पुढचा काळ. दालने जळालेली, उत्पन्न थांबलेले; तरी कर्मचाऱ्यांचे वेतन चालू राहिले. पीडितांसाठी डिसेंबर २००८ मध्येच विश्वस्त निधी स्थापन झाला आणि हॉटेलशी संबंध नसलेल्यांनाही मदत पोहोचली. खतावणीत हा सारा खर्चाच्याच बाजूला पडतो, हे खरे!

शाबूत राहिलेला टॉवर २१ डिसेंबर २००८ रोजीच पाहुण्यांसाठी खुला झाला. १९०३ सालच्या जुन्या वास्तूच्या बाबतीत मात्र घाई झाली नाही. काळजीपूर्वक डागडुजी होऊन ती १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा उघडली.