पद्मिनी की अँबेसेडर?

कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११००, तर उत्तरपाड्याची अँबेसेडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड. पद्मिनीचं पेट्रोल इंजिन १०८९ सीसीचं, ताकद साधारण ४० अश्वशक्ती. जुन्या अँबेसेडरला १४८९ सीसी आणि जवळपास ५०. कागदावर अँबेसेडर पुढे दिसते, पण पद्मिनी लांबीला आणि वजनाला बरीच कमी. त्यामुळे ताकद आणि वजन यांचं गणित जवळपास बरोबरीचं सुटतं!

गर्दीत मला पद्मिनीच आवडते. गिअरचा दांडा स्टीअरिंगलगतच, चारही गिअर हात फार न हलवता पडतात. पुढच्या चाकांना कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. अँबेसेडरलाही मागे पाटेच, पुढे मात्र टॉर्शन बार. खड्ड्यांत ती डगमगत नाही आणि मागच्या सीटवर तिघं ऐसपैस बसतात. लांबच्या प्रवासाला तीच हवी.

खरा फरक १९९२ नंतर पडला. अँबेसेडरला १८१७ सीसीचं इसुझू इंजिन, ७५ अश्वशक्ती आणि पाच गिअर मिळाले. तिथे पद्मिनी मागे पडली. तिचं उत्पादन २००१ च्या सुमारास थांबलं, अँबेसेडर मात्र २०१४ पर्यंत बनत राहिली.

तुमच्या घरी यांपैकी कोणती होती? मॉडेलचं साल जरूर लिहा.