फोटो झिप करून काय मिळतं?

"झिप मार की भावा, बारकी हुतीय." जून महिना आला की हा सल्ला कोल्हापुरात नेट कॅफेपासून कॉलेजच्या कचेरीपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. अर्ज भरायचा असतो, दाखल्याचा फोटो मोबाईलवर काढलेला असतो आणि पोर्टल म्हणतं, फाईल मोठी आहे. मग कुणीतरी झिप करतो. ३ एमबीच्या फोटोची जवळजवळ ३ एमबीचीच झिप होते. शिवाय जिथे फोटो मागितलाय तिथे पोर्टल झिप घेणारच नसतं. तरी सल्लागार थांबत नाहीत. सेव्हन-झिप वापर, 'अल्ट्रा'वर ठेव, झिपचीच परत झिप कर!

चिपाड पुन्हा चरकात घातलं म्हणून रस निघत नाही, हे ज्या जिल्ह्यात शाळकरी पोराला कळतं तिथे हा सल्ला इतका चालावा, याचं नवल वाटतं.

झिप फाईलला दाबत नाही, तिच्यातली पुनरावृत्ती शोधते. लेम्पेल आणि झिव या दोघांनी १९७७ साली मांडलेली युक्ती साधी आहे: एखादा मजकूर आधी येऊन गेला असेल तर तो पुन्हा लिहायचा नाही, 'इतके बाइट मागे जा आणि तिथून इतके उचल' एवढंच लिहायचं. नेहमीची झिप असं ३२ केबीपर्यंत मागे वळून बघते. उरलेल्यात जी चिन्हं वारंवार येतात त्यांना छोटे संकेत आणि क्वचित येणाऱ्यांना लांब, ही हफमनची १९५२ची पद्धत. फिल कॅट्झने १९८९ मध्ये पीकेझिप आणलं आणि पुढच्या आवृत्तीत या दोन्ही एकत्र केल्या. पुनरावृत्ती नसेल, तर झिपला करण्यासारखं काही उरत नाही.

पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी आपण सगळेच बघत असतो. समजा, कुणी दर तासाची नोंद साध्या मजकुराच्या फाईलमध्ये ठेवली. प्रत्येक ओळीत तारीख, 'राजाराम बंधारा', 'इशारा पातळी ३९ फूट', 'धोका पातळी ४३ फूट' हे तेच ते. बदलणार फक्त वेळ आणि पातळीचे फूट-इंच. असा तक्ता झिपमध्ये दहाव्या हिश्शाच्याही खाली सहज जातो.

त्यात मराठीचा आणखी एक फायदा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. 'कोल्हापूर' या शब्दात काना-मात्रा, हलन्त धरून ९ चिन्हं आहेत, म्हणजे २७ बाइट; रोमन लिपीत ८ बाइटांत भागतं. पण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ असतो आणि दुसरा १६४ किंवा १६५. खरा फरक तिसऱ्यात. ही ठरलेली पुनरावृत्ती झिप बऱ्याच अंशी पुसून टाकते. म्हणून 'मराठी फाईल मोठी म्हणजे तिच्यात माहिती जास्त' हेही चूक.

आता फोटोकडे या. ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. प्रत्येकाला रंगाचे ३ बाइट धरले तर ३६ एमबी व्हायला हवेत. मोबाईलमध्ये मात्र तो ३-४ एमबीचाच दिसतो. उरलेले कुठे गेले? जेपेगने आधीच काढून टाकले. बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद यांनी नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेलं गणित जेपेगच्या मुळाशी आहे, आणि १९९२च्या जेपेग मानकात ते जगभर गेलं. डोळ्याला न जाणवणारे बारकावे जेपेग कायमचे टाकून देतं आणि जे उरतं त्यावर हफमनची पद्धत वापरून मोकळं होतं. त्यानंतरचे बाइट यादृच्छिक आकड्यांसारखे दिसतात. त्यात झिपने शोधायचं काय? फार तर दोन-चार टक्के हाती लागतात.

"मग एखादं भारी सॉफ्टवेअर असेलच की!" नाही, आणि हे सॉफ्टवेअरचं दुबळेपण नव्हे, हिशोब आहे. बरोबर १० बिटांच्या फाईली १०२४ होऊ शकतात. त्याहून लहान, अगदी रिकामी धरूनही, १०२३च. म्हणजे सगळ्या १०२४ लहान करायच्या तर निदान दोघींना एकच रूप मिळणार, आणि उलगडताना मूळ कोणती ते कळणार नाही. फाईल कितीही मोठी घ्या, हा हिशोब टळत नाही. 'कोणतीही फाईल हमखास लहान करतो' म्हणणारं ॲप खोटं बोलतंय.

महापुराचे व्हिडिओही असेच आधीच आवळलेले असतात. व्हिडिओत एका चित्रापासून पुढच्या चित्रात काय बदललं तेवढंच साठवतात. स्थिर भिंतीचं चित्रण त्यामुळे थोडक्यात भागतं. शिवाजी पुलाखालचं भोवऱ्यांचं पाणी मात्र सगळीकडे सतत बदलतं; तितक्याच दर्जासाठी बाइट जास्त लागतात, नाहीतर पाण्याचे चौकोनी तुकडे दिसायला लागतात. डाग पडलेल्या जुन्या मोडी कागदाचा रंगीत स्कॅनही असाच फुगतो, कारण संगणकाला अक्षर आणि डाग सारखेच.

पोर्टलसाठी करायचं ते वेगळंच. फोटोची रुंदी ४००० वरून १००० पिक्सेलवर आणा, उंची त्याच प्रमाणात. ठिपके सोळाव्या हिश्शावर येतात आणि दाखला तरीही वाचता येतो. अक्षरांचाच कागद असेल तर रंगीतऐवजी करड्या छटेत स्कॅन करा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. झिप केल्याने फोटोचा दर्जा घटत नाही. उलगडल्यावर प्रत्येक बाइट जसाच्या तसा मिळतो. दर्जा घटतो तो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवल्यावर, म्हणून मूळ फोटो हवा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. वर्डची डॉकएक्स फाईल झिपने लहान होत नाही, कारण ती स्वतःच झिप असते. नाव बदलून शेवटी '.झिप' लावा, उघडेल. 'अल्ट्रा'वर ठेवल्याने वेळ भरपूर जातो, फोटोच्या आकारात नावापुरता फरक पडतो. आणि फाईल आधी कुलूपबंद करून मग झिप करणाऱ्यांनी क्रम उलटा करावा: चांगल्या एन्क्रिप्शननंतर पुनरावृत्तीचा मागमूस राहत नाही, मग पंचगंगेचा तो तक्तासुद्धा एका केबीने कमी होणार नाही.