गळ्यातील गाठ आणि सोनोग्राफी

गळ्यावर गाठ दिसू लागली की दोन प्रकारच्या चुका संभवतात. ‘दुखत नाही, मग काय बिघडले?’ असे म्हणून काहीजण तिच्याकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष करतात. तर काहीजण कर्करोगाच्या धास्तीने शस्त्रक्रियेची घाई करतात. गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा, देवरी यांसारख्या वनव्याप्त तालुक्यांतील मजुराला तर रुग्णालयाची प्रत्येक फेरी म्हणजे बुडालेली मजुरी होय. म्हणूनच कोणती गाठ तपासावयाची व कोणतीवर केवळ लक्ष ठेवावयाचे, हे ठरविणे अगत्याचे आहे.

अवटू ग्रंथी, म्हणजेच थायरॉईड, ही गळ्याच्या पुढील भागात श्वासनलिकेवर असते. आहारात आयोडीन कमी पडल्यास ती वाढून गलगंड होतो आणि दीर्घकाळ वाढलेल्या ग्रंथीत गाठीही उद्भवतात. १९६२ पासून राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रमाद्वारे आयोडीनयुक्त मिठाचा प्रसार झाला, तो याच कारणासाठी. यांतील बहुसंख्य गाठी सौम्य असतात. थोड्याच कर्करोगाच्या निघतात.

या दोहोंतील भेद ओळखण्यास सोनोग्राफी साहाय्यभूत ठरते. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी गळ्यात सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून चित्र उमटविले जाते. यात क्ष-किरण नसतात व वेदनाही होत नाहीत. अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत पाच गोष्टी पाहून गुण दिले जातात. गाठ द्रवाने भरलेली आहे की घन? ती आसपासच्या ग्रंथीपेक्षा काळसर आहे काय? तिची उंची रुंदीहून अधिक आहे काय? कडा वेड्यावाकड्या आहेत काय? आत चुन्यासारखे बारीक चकाकते कण आहेत काय? केवळ द्रवाची वा स्पंजासारखी गाठ सहसा निर्धोक असते. गुण ७ किंवा अधिक असल्यास १ सेंटिमीटरपासून, ४ ते ६ असल्यास दीड व ३ असल्यास अडीच सेंटिमीटरपासून सूक्ष्म सुईने पेशी काढून तपासाव्यात, असा संकेत आहे. सोनोग्राफी संशय दर्शविते. निदान पेशींच्या तपासणीनेच पक्के होते.

मात्र लक्षणे नसताना सरसकट सर्वांचे गळे तपासणे हिताचे नाही. दक्षिण कोरियात अशा तपासण्यांमुळे १९९३ ते २०११ या काळात अवटूच्या कर्करोगाची नोंद पंधरापट झाली. मृत्यूंचे प्रमाण मात्र होते तेवढेच राहिले. ज्यांची संपूर्ण ग्रंथी काढली जाते, त्यांना जन्मभर गोळी घ्यावी लागते.

गोंदिया येथे २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने तज्ज्ञांच्या सल्ल्याची सोय जिल्ह्यातच झाली आहे. १९९४ च्या लिंगनिदानविरोधी कायद्यान्वये सोनोग्राफी केंद्राची नोंदणी आवश्यक असल्याने तपासणी नोंदणीकृत केंद्रातच करवून घ्यावी.

पंचायत सदस्य व शिक्षक यांनी ग्रामस्थांना एवढे अवश्य सांगावे: गाठ झपाट्याने वाढत असेल, कडक लागत असेल, आवाज बसला असेल, गिळण्यास त्रास होत असेल किंवा घराण्यात हा कर्करोग झालेला असेल, तर विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे. तपासणीचा अहवाल जपून ठेवावा. पुढील मोजमापाशी ताडून पाहण्यास तो उपयोगी पडतो. वेळेवर ओळखलेला अवटूचा कर्करोग बहुधा पूर्ण बरा होतो.