दराचं पाकीट उघडतं सगळ्यात शेवटी

संरक्षण मंत्रालयाच्या निविदेत तांत्रिक प्रस्ताव आणि किमतीचा प्रस्ताव वेगवेगळे द्यावे लागतात. आधी छाननी, मग प्रत्यक्ष चाचण्या. त्यात उत्तीर्ण झालेल्यांचेच दर उघडतात. सर्वांत कमी दराचा तो ‘एल-१’. गरज वाटली तर वाटाघाटी समिती त्याच्याशीही घासाघीस करू शकते.

कंपनीत दर काढणाऱ्या पथकप्रमुखाची खरी कसोटी इथे लागते. पोलाद, यंत्रावरचे तास, सुटे भाग, वॉरंटी, आयात भागांसाठी डॉलरचा भाव, सगळं आज गृहीत धरायचं आणि माल द्यायचा काही वर्षांनी. दर चढा लावला तर काम हातचं जातं. फार उतरवला तर तोटा कंपनीच्या गळ्यात, आणि माझ्या मते त्याहून वाईट म्हणजे सैन्याचा पुरवठा रखडतो.

पुण्यातल्या ‘एआरडीई’ या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘अटॅग्ज’ तोफेच्या निविदेत पुण्याचीच भारत फोर्ज एल-१ ठरली. ३०७ तोफांपैकी १८४ तिच्याकडे, उरलेल्या टाटा अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम्सकडे. मार्च २०२५मध्ये करार झाले. तोफा आणि त्या ओढणारी वाहनं मिळून सुमारे ६,९०० कोटी रुपयांचे.

एल-१ ठरलं म्हणजे करार झाला असं मात्र नाही. राफेल २०१२मध्ये एल-१ होतं, तरी १२६ विमानांचा तो सौदा २०१५मध्ये बारगळला.